१ जूनला जन्मलेल्यांची पिढी कोणती?

२००२ साली जन्मलेला मुलगा कोणत्या पिढीचा? अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०१८ मध्ये रेघ ओढली ती अशी: १९८१ ते १९९६ मिलेनियल, १९९७ पासून पुढं जेन झी. ऑस्ट्रेलियातले समाज-संशोधक मार्क मॅक्रिंडल जेन झी १९९५ लाच सुरू करतात आणि २००९ ला संपवतात. प्यूच्या हिशेबात ती २०१२ पर्यंत चालते. मिलेनियल हे नाव ज्यांनी आधी रूढ केलं, त्या विल्यम स्ट्रॉस आणि नील हाव या जोडीनं ती पिढी १९८२ पासून थेट २००० नंतरच्या काही वर्षांपर्यंत ताणली. म्हणजे हा २००२ चा मुलगा एका कोष्टकात मिलेनियल, बाकीच्या दोन्हींत जेन झी.

हा वाद तिकडचा तिकडे राहिला असता तर त्यावर लिहायचं कारण नव्हतं. पण गेल्या काही वर्षांत ही कोष्टकं आपल्याकडे जशीच्या तशी उतरली आहेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणात, वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांतल्या कार्यशाळांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळातल्या तरुणांनी सरकार पाडल्यापासून तर राजकीय सभांमध्येही. 'जेन झीला कष्ट नकोत', 'जेन झी ऐकून घेत नाही', 'जेन झी रस्त्यावर उतरेल'. राशिभविष्य वाचावं तसं लोक जन्मसाल सांगतात आणि समोरच्याचा स्वभाव ऐकवतात. परभणी, बीड, हिंगोलीच्या पोरांना ही मापं लावणं चूक आहे, आणि ही चूक आपल्याला महाग पडते आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आधी प्यूनं १९९६ हेच साल का धरलं ते पाहू. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला ज्यांना कळत्या वयात आठवतो ते एका बाजूला, ज्यांना आठवत नाही ते दुसऱ्या बाजूला. २००८ ची अमेरिकन अध्यक्षपदाची निवडणूक, तेव्हाची मंदी, २००७ साली आलेला आयफोन, ही बाकीची कारणं. त्यांच्या देशापुरता हा विचार समजण्यासारखा आहे. पण २००१ साली पाच वर्षांच्या असलेल्या गेवराईच्या पोराला न्यूयॉर्कचे मनोरे आठवतात की नाही, यावर त्याची पिढी ठरवायची असेल तर आपण आपल्याच पोराकडे पाहायचं सोडून दिलं आहे. आणि जिथं ही कोष्टकं बनली तिथंही ती आता डगमगली आहेत. २०२१ मध्ये फिलिप कोहेन या समाजशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं दीडशेहून अधिक अभ्यासकांनी प्यूला जाहीर पत्र लिहून ही लेबलं वापरणं थांबवा म्हणून सांगितलं. २०२३ मध्ये प्यूनं स्वतःच जाहीर केलं, की यापुढं पिढ्यांची नावं आम्ही फार जपून वापरू. तिथले लोक मागं सरकत असताना आपण पुढं धावतो आहोत.

या सगळ्या यादीत एकाच पिढीला आकड्यांचा भक्कम आधार आहे. अमेरिकेतले बेबी बूमर, १९४६ ते १९६४. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं जन्मांची संख्या उसळली आणि १९६५ पासून ठळकपणे उतरली, हे जन्मनोंदणीत स्पष्ट दिसतं. म्हणून अमेरिकेचं जनगणना खातंही ही पिढी मानतं. जन्मसालावर पिढी ठरवायची तर निदान जन्मसाल खरं असायला हवं, आणि नेमकं तेच आपल्याकडे नसतं.

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषदेत ३१ मेच्या संध्याकाळी जाऊन पाहा. निरोप समारंभांची रांग लागलेली असते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, आणि आपल्या कर्मचाऱ्यांत १ जूनला जन्मलेल्यांचा भरणा इतका आहे की दरवर्षी त्या एका दिवशी टेबलंच्या टेबलं रिकामी होतात. एवढ्या बायका एकाच दिवशी बाळंत झाल्या नव्हत्या. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी वाड्या-वस्त्यांवर फिरून पोरं गोळा करायचे. पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, घाला शाळेत. आई सांगायची, 'ज्वारी काढायला आल्ती तव्हा झालं', नाहीतर 'मोठ्या पुराच्या आदल्या साली'. गुरुजी मनाशी हिशेब करून रजिस्टरात १ जून लिहायचे. साल कधी बरोबर, कधी एक-दोन वर्षं इकडंतिकडं. गुरुजींना यात बोल लावण्यासारखं काही नाही. त्यांनी ती तारीख लिहिली नसती तर ते पोर शाळेतच आलं नसतं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. पण कायदा होणं आणि तांड्यावरच्या बाळंतपणाची नोंद होणं यात कित्येक वर्षांचं अंतर पडलं. जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा, हा नियम आला तो २०२३ च्या दुरुस्तीनं, तोही १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना. त्याआधीचा गोंधळ तर आणखी जुना आहे. निजामाच्या राज्यात सरकारी दप्तर उर्दूत आणि साल फसली; त्यात साधारण ५९० मिळवावे तेव्हा इसवी सन येतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधत होती तेव्हा हे कागद वाचणारी माणसं शोधावी लागली. जनगणनेतही वय विचारलं की लोक 'चाळीस', 'पंचेचाळीस', 'साठ' असं गोल सांगतात. शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांचे ढीग साचतात हे लोकसंख्येचे अभ्यासक फार पूर्वीपासून जाणतात. अशा ठिकाणी १९९६ च्या ३१ डिसेंबरला एक पिढी संपली आणि दुसऱ्या दिवशी दुसरी सुरू झाली, असं म्हणणं निराधार आहे.

म्हणून काय पिढ्या नसतातच? असतात. आमच्याकडची म्हातारी माणसं वय विचारलं तर साल सांगत नाहीत, पण पिढी अचूक सांगतात. 'रझाकाराच्या वक्ताला मी त्या दारातल्या पोराएवढा होतो.' 'बाहत्तरच्या दुष्काळात माझं लग्न झालं.' 'भूकंपाच्या साली थोरला दहावीला होता.' हा हिशेब प्यूच्या हिशेबापेक्षा शास्त्राच्या जास्त जवळ आहे. १९२८ मध्ये कार्ल मॅनहाइम या समाजशास्त्रज्ञानं पिढ्यांच्या प्रश्नावर जो निबंध लिहिला त्यात त्यानं हेच मांडलं, की एका सुमारास जन्मणं एवढ्यानं पिढी बनत नाही. घडायच्या वयात एकच उलथापालथ वाट्याला यावी लागते. १८०० च्या आसपासचे चीनमधले आणि जर्मनीतले तरुण एका पिढीचे होते असं कोणी म्हणणार नाही, हे त्याचं उदाहरण. इतकंच काय, एकाच देशातले शहरी तरुण आणि आडवळणाचे शेतकरीही एका पिढीचे असतीलच असं नाही, असं तो म्हणतो. शंभर वर्षांपूर्वीचं हे म्हणणं आजच्या कार्यशाळांमधून गळून गेलं आहे.

या दृष्टीनं मराठवाड्याकडे पाहिलं की रेघा वेगळ्याच ठिकाणी पडतात.

पहिली रेघ देशाच्या रेघेशीच जुळत नाही. १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिने इथं निजामाचं राज्य होतं. १९४८ च्या जानेवारीत पुण्यात जन्मलेलं मूल स्वतंत्र भारतात जन्मलं. त्याच दिवशी अंबाजोगाईत जन्मलेलं निजामाच्या राज्यात, आणि भोवती रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांची, दहशत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. त्याआधी शाळेत गेलेली पिढी बरीचशी उर्दूतून शिकली, नंतरची मराठीतून. एकाच घरात थोरल्या भावाचं अक्षर उर्दू वळणाचं आणि धाकट्याचं देवनागरी. 'स्वातंत्र्योत्तर पिढी' हा पुण्या-मुंबईच्या लेखांतला शब्द मराठवाड्याला लावताना हे तेरा महिने कोणी मोजत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी रेघ १९७२ ची. त्या दुष्काळात दहा ते अठरा वर्षांची असलेली पोरं, म्हणजे अंदाजे १९५४ ते १९६२ मध्ये जन्मलेली, खडी फोडायला गेली, बराशी खांदायला गेली, पाझर तलावाच्या मातीच्या पाट्या वाहिल्या. सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे ज्वारीसारख्या धान्याच्या, भाकरी खाल्ल्या. कित्येकांची शाळा तिथंच सुटली ती सुटलीच. त्या कामांतून पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, आणि देशभराच्या रोजगार हमीला महाराष्ट्राचं उदाहरण समोर होतं. पानात भाकरीचा तुकडा टाकून उठणाऱ्या नातवावर आजही जो आजोबा कळवळून ओरडतो, तो या रेघेतला आहे. त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या त्याच्या भावाला त्या ओरडण्याचं कारण ऐकून माहीत असतं, अंगातून आलेलं नसतं. पण ही रेघही सगळ्यांना सारखी लागली नाही. विहिरीला पाणी टिकलेल्या घरातलं पोर आणि भूमिहीनाचं पोर एकाच वयाचे, एकाच गावचे, आणि त्यांना विचाराल तर बाहत्तर साल दोघांचं वेगळं.

इथं मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मांडायचा आहे, आणि तो नामांतराशिवाय मांडता येत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना जीव गमवावा लागला. त्या साली बारा वर्षांची असलेली दोन पोरं डोळ्यांसमोर आणा. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणारी. दोघांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून १९६६ लिहिलेली. एकाच्या आईनं रात्री लेकरं घेऊन शेतातून वाट काढली. दुसऱ्याच्या घरी त्या रात्रीबद्दल बोलणंच झालं नाही. पुढं सोळा वर्षं ही धग चालली. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या दिवशी सत्तावीस वर्षांचे झालेले हे दोघं एका पिढीचे का? मॅनहाइमचं उत्तर असं, की पिढी एक, पण तिच्यातले गट वेगळे, कारण एकाच घटनेला दोघं दोन बाजूंनी सामोरे गेले. मी याच्याही पुढं जाईन. जे कोष्टक या दोघांना एका ओळीत बसवून दोघांचा 'स्वभाव' एकच सांगतं, ते जात झाकायला मदत करतं. पिढीच्या नावाखाली बोललं की जातीबद्दल बोलावं लागत नाही, जमिनीबद्दल बोलावं लागत नाही. ही लेबलं लोकप्रिय होण्याचं हे एक मोठं कारण आहे, असं मला वाटतं.

तिसरी रेघ ३० सप्टेंबर १९९३ ची, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांची. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. त्या ढिगाऱ्यातून तेरा वर्षांची बहीण आणि बारा वर्षांचा भाऊ बाहेर निघाले असतील, तर अमेरिकन कोष्टकानुसार १९८० ची ती जनरेशन एक्सची आणि १९८१ चा तो मिलेनियल. दोघं पत्र्याच्या शेडमध्ये एकत्र वाढले असतील, त्यांच्यासारखी कितीतरी मुलं पुण्याजवळ वाघोलीला शिकायला गेली, नव्या वसवलेल्या गावांच्या सरळ रस्त्यांवर परतली. कोष्टकाला याचा पत्ता नाही. मात्र हेही कबूल करायला हवं, की त्या पहाटेची खूण औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागात जेवढी खोल आहे तेवढी वैजापूर-कन्नडकडे नाही. 'मराठवाड्याची पिढी' हाही एक मोठा डबाच आहे, आणि त्यातही माणसं कोंबून चालणार नाही.

आता हल्लीच्या पोरांकडे येऊ, कारण सगळा गदारोळ त्यांच्यावरून आहे. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावावं लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि स्वस्त इंटरनेट गावागावांत पोचलं. म्हणजे घागरीच्या रांगेत उभं राहिलेलं लेकरू सहा महिन्यांत मोबाइलवर व्हिडिओ पाहत होतं. त्या वर्षी बारा ते अठरा वर्षांची असलेली, म्हणजे १९९८ ते २००४ ची पोरं हीच आपल्याकडची खरी नवी पिढी. घसा कोरडा असताना जग हातात आलेली. पुढं नोकरीच्या उंबऱ्यावर पोचली तोवर कोरोना. प्यूच्या कोष्टकात इथं कुठलीच रेघ नाही. ही सगळी मुलं जेन झीच्या पोटात सामावून जातात.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. आता रील सगळे तीच बघतात, गाणी तीच, बोलायची पद्धत तीच. मग नांदेडचं पोर आणि न्यूयॉर्कचं पोर एका पिढीचं का नाही? मोबाइलनं काही बदललं नाही असं मी म्हणणार नाही. तांड्यावरच्या मुलीला आज जे दिसतं ते तिच्या आईला दिसलं नव्हतं. पण २००६ साली जन्मलेल्या दोघींकडे पाहा. एक लातुरात नीटच्या क्लाससाठी खोली करून राहिलेली, दिवसाला बारा तास अभ्यास, मोबाइल वडिलांनी काढून घेतलेला. दुसरी वडवणीकडची, आईबापांनी ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली, दिवाळीच्या आगेमागे शाळा सोडून कोयत्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर कोपीत राहायला गेलेली, धाकट्यांना सांभाळणारी. मोबाइल तिच्याही घरी आहे, पण तो भावाच्या खिशात असतो. तिचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत ठरत असेल, तर तिचं तरुणपण सुरू कधी झालं आणि संपलं कधी? या दोघींना एकाच नावानं हाक मारून 'या पिढीला कष्ट नकोत' असं व्यासपीठावरून म्हणणाऱ्यानं एकदा उसाच्या फडात पहाटे जाऊन यावं.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. मोजायचं तर कुठंतरी रेघ मारावीच लागते. मारा की. जनगणना पाच-पाच वर्षांचे वयोगट करते, त्यांना स्वभाव चिकटवत नाही. अभ्यासाला तेवढं पुरतं. गडबड होते ती तीन गोष्टींची सरमिसळ केल्यावर: वयामुळं काय, काळामुळं काय आणि पिढीमुळं काय. पोरं उलट बोलतात हे बहुतेक वयामुळं. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात रस्त्यावर उतरलेले विद्यार्थी आज सत्तरीत आहेत, आणि तेही तेव्हा घरच्यांचं ऐकून बसले नव्हते. सगळे मोबाइलला चिकटलेत हे काळामुळं. साठीतले आजोबाही चिकटलेत. या दोन्ही वजा केल्यावर जे उरतं तेवढंच पिढीचं, आणि ते सांगायला जन्मसाल पुरत नाही.

जन्मतारखेची एक रेघ मात्र आपल्या पोरांना खरोखर कापते, आणि तिच्याबद्दल कुठल्या कार्यशाळेत चर्चा होत नाही. ती म्हणजे वयोमर्यादा. राज्य सरकारच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, पोलिस शिपाई भरतीला २८ आणि ३३. गुरुजींनी शाळेत घालण्यासाठी ज्याचं वय दोन वर्षांनी वाढवून लिहिलं, त्याच्या परीक्षेच्या दोन संधी तिथंच गेल्या. कोरोनात भरत्या रखडल्या तेव्हा सरकारनं २०२३ मध्ये दोन वर्षांची सवलत दिली, तीही त्या डिसेंबरअखेरच्या जाहिरातींपुरती. त्या सवलतीतून सरकारनं एक गोष्ट मान्य केली: जन्मसालापेक्षा त्या माणसावर काय ओढवलं हे मोठं असतं. मग २०१२ ते २०१६ दरम्यानच्या दुष्काळांत ज्यांचं शिक्षण तुटलं, त्यांना हा न्याय का लागला नाही? जिल्हा पाहून, दुष्काळ जाहीर झालेली वर्षं पाहून अशी सवलत देता आली असती. आजही देता येईल.

आणखी एक काम तातडीचं आहे. १९४८ साली पंधरा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदीच्या पुढं गेली आहेत. बाहत्तरला खडी फोडलेली साठी-सत्तरीत. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून जनगणना होणार आहे, प्रगणक दारोदार जाऊन वय विचारणार आहेत. त्याच सुमारास छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या दोन्ही विद्यापीठांतल्या इतिहास आणि समाजशास्त्र विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या त्यांच्या गावी पाठवावं. प्रश्न चारच पुरतील: रझाकाराच्या वेळी, बाहत्तरला, नामांतरात, भूकंपात तुम्ही केवढे होतात; तेव्हा घरी जमीन आणि पाणी किती होतं; शाळा कितवीत सुटली, आणि का; आणि तुमच्याच वयाच्या, शेजारच्या आळीतल्या माणसाला हेच विचारलं तर तो काय सांगेल. चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्या शेजारच्या आळीत जाऊन, त्याच माणसाकडून पडताळून घ्यावं. हे झाल्याशिवाय मराठवाड्यातल्या कुठल्याही तरुणाला कुठल्याही प्रशिक्षणात जेन झी किंवा मिलेनियल म्हणून संबोधणं दोन्ही विद्यापीठांनी थांबवावं.